खेळातली शोधमोहीम कशी रचतात?

मागच्या अंकात संगणक मंडळाच्या बातमीत 'आठवी-नववीच्या मुलांनी जुन्या वडोदऱ्यावर एक खेळ तयार केला' एवढे एकच वाक्य आले होते. त्यावर शाळेत जितके फोन आले, तितके स्नेहसंमेलनाच्या तारखेसाठीही येत नाहीत. निम्म्या पालकांचा सूर "आता शाळेतसुद्धा गेमच का?" असा होता, तर उरलेल्यांना तो खेळ घरच्या संगणकावर हवा होता. दोघांनाही एकच उत्तर द्यावे म्हणून संपादक मंडळाने हा लेख माझ्यावर सोपवला. खेळ कसा खेळायचा ते मुले तुम्हाला शिकवतील, माझ्यापेक्षा बरे शिकवतील. तो रचतात कसा आणि रचताना आमचे कुठे चुकले, तेवढे मी सांगतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे मुले ज्याला आरपीजी म्हणतात, त्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राच्या पायांनी गावोगाव फिरतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि लोकांनी सांगितलेली कामे पार पाडतो. अशा एकेका कामाला 'क्वेस्ट' म्हणतात. मी इथे 'मोहीम' म्हणेन. गायकवाडांच्या गावात हा शब्द कुणाला समजावून सांगायला नको. मोहिमा नाना तऱ्हेच्या असतात. काहींत नुसती मारामारी, काहींत टपालवाल्यासारखे इकडची वस्तू तिकडे नेऊन देणे. आपला विषय तिसऱ्या तऱ्हेचा, ज्यात हवी ती जागा किंवा गोष्ट खेळणाऱ्याने स्वतः हुडकून काढायची असते. रचायला ही सर्वांत अवघड, हे आम्हाला तीन वेळा खेळ मोडल्यावर कळले.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी गणिताच्या चौकटीच्या वहीवर जुन्या शहराचा नकाशा काढला. या बाबतीत आपण वडोदरेकर नशीबवान. आपले जुने शहर म्हणजे सोंगट्यांचा आयता पटच आहे. पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणीगेट, दक्षिणेला गेंडीगेट असे चार दरवाजे, आणि चारही दरवाजांतून आलेले रस्ते मधोमध मांडवीशी मिळतात. वाट चुकलेल्या माणसाने कुठूनही मांडवी गाठली की त्याला पुन्हा दिशा समजतात. वहीतला हा नकाशा मुलांनी 'स्क्रॅच'मध्ये उतरवला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालेली ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची सोय २००७ पासून सर्वांना फुकट मिळते.

मोहीम अशी होती: पोळीत राहणाऱ्या एका आजीची किल्ली हरवली आहे, ती शोधून आणा आणि पन्नास नाणी मिळवा. पडद्याच्या वरच्या कडेला एक लाल बाण. किल्ली ज्या बाजूला असेल तिकडे तो वळायचा.

सातवीच्या बारा मुलांना खेळायला बसवले. सर्वांनी किल्ली आणली, बहुतेकांनी चार मिनिटांच्या आत. आमची मुले टाळ्या पिटू लागली. मी त्या बारा जणांना सहज विचारले, "मांडवी कुठे लागली रे?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक जण म्हणाला, "सर, मांडवी होती?"

होती ना. दोन मुलींनी तिच्या कमानी काढायला पूर्ण तीन दिवस घालवले होते. बारा मुले त्या कमानींखालून गेली आणि एकाच्याही नजरेला ती पडली नाही, कारण सर्वांची नजर बाणावर होती.

मुलांना राग आला आणि रागाच्या भरात त्यांनी बाण काढून टाकला. बाकी खेळ तसाच ठेवला. दुसऱ्या शनिवारी तीच सातवी पुन्हा बसली. या वेळी बारापैकी एकालाही किल्ली सापडली नाही. वीस मिनिटे रस्त्यांवरून येरझाऱ्या घालून मुले कंटाळली आणि दोघांनी हळूच बुद्धिबळ उघडले. त्यांचे काय चुकले? आजी फक्त "माझी किल्ली शोधून आण" एवढेच म्हणत होती. कुठे, कशी, कशावरून ओळखायची, काही नाही. बाण असेपर्यंत ते सांगायची गरजच पडली नव्हती.

हीच गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांच्या खेळांतही घडलेली आहे. २००२ साली आलेल्या 'मॉरोविंड' या आरपीजीत बाण नव्हता. खेळातली माणसे तोंडाने वाट सांगत: अमुक गावाच्या बाहेर पड, पूल लागेल तो ओलांड, टेकडीच्या पायथ्याशी वळ. सांगितलेले पात्राच्या रोजनिशीत उतरत असे आणि खेळणारा ती रोजनिशी पुन्हा पुन्हा उघडून पाहत वाट काढी. त्याचा त्रासही होता. सुरुवातीच्याच एका महत्त्वाच्या मोहिमेत प्राचीन अवशेषांतून एक छोटी चौकोनी पेटी आणायची असते. ती फळीवर अशी बेताने ठेवलेली आहे की तिच्यापायी वैतागलेल्यांच्या कहाण्या अजून ऐकू येतात. चार वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच कंपनीने 'ऑब्लिव्हियन' आणला आणि पडद्यावरच्या होकायंत्रात मुक्कामाची खूण दाखवायला सुरुवात केली. वैताग संपला. पण खूण आली म्हटल्यावर वाट सांगणारी वाक्ये लिहिण्याची निकड उरली नाही. मग एखाद्याने हौसेने ती खूण मनाआड करायची ठरवले, तरी अडचण होतीच, कारण ज्याच्या आधारे शोधायचे ते बोलणेच आटले होते. आमच्या दुसऱ्या शनिवारी झाले ते हेच.

बाण म्हणजे वाईट, असे मी म्हणत नाही. दिवसभर फॅक्टरीत राबून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास खेळायचे असेल, तर त्याने पूल शोधत बसावे असा आग्रह कशाला? म्हणून काही खेळांनी दोन्ही सोयी ठेवल्या. २०१८ चा 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' सुरुवातीलाच विचारतो, की खूण हवी, की लोकांच्या बोलण्यावरून तुम्ही स्वतः शोधणार? दुसरे निवडले तर 'अमुक प्रांतात, अमुक गावाच्या पूर्वेला' अशा तऱ्हेची माहिती मिळते. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'त वारा वाहतो, गवत लवते आणि त्या दिशेने जायचे असते. आमच्या नववीच्या एका मुलाला ही युक्ती फार आवडली. मला विचाराल तर बाणाला झबले घातले तरी तो बाणच. दिसतो मात्र सुरेख.

नुसत्या शब्दांवर वाट काढायला लावणारा पहिला गाजलेला संगणकखेळ याहून पुष्कळ जुना, आणि त्याची हकीकत पालकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रॅमर. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर त्याने काम केले होते. त्याला आणि त्याच्या पत्नीला गुहांत उतरण्याचा नाद. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अफाट गुहेचे मोजमाप करणाऱ्यांत दोघेही असत. पुढे दोघे विभक्त झाले. तेव्हा मुलींना आवडेल असे काहीतरी करावे म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने एक खेळ लिहिला. चित्र एकही नाही, नुसती वर्णने: तुम्ही अशा अशा ठिकाणी उभे आहात, पूर्वेकडे अरुंद वाट आहे. खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत हुकूम टंकायचा. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि 'ॲडव्हेंचर' या नावाने तो संगणकावर बसणाऱ्यांमध्ये पसरला. यातली मेख अशी की क्राउदरने गुहा मनाने रचली नव्हती. मॅमथ केव्हचा जो भाग त्याच्या पायाखालचा होता, तोच त्याने शब्दांत उतरवला होता.

मुलांना ही गोष्ट सांगितली आणि विचारले, "तुमच्या पायाखालची जागा कोणती?" उत्तरे आली ती मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड. जुन्या शहराचा खेळ करायला निघालेल्या अकरा जणांपैकी नऊ जण मांडवीच्या आतल्या पोळीत कधी शिरलेच नव्हते. गणपतीची मूर्ती आणायला किंवा लग्नाची खरेदी करायला गेले, तेही हमरस्त्यापुरते. नकाशा त्यांनी मोबाइलवर पाहून काढला होता. थोडक्यात, बाणावरूनच.

मग एका मुलीच्या आजी पुढे आल्या. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या लहरीपुऱ्याच्या आतल्या एका पोळीत आल्या आणि त्यांचा निम्म्याहून अधिक संसार तिथे झाला. आता त्या कारेलीबागेत मुलाच्या फ्लॅटवर असतात. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत तिकडे जाणे झालेले नाही. मुलांनी त्यांना फक्त एवढेच विचारले, "आजी, तुमच्या घरी यायचं तर कसं यायचं?" नातीने त्यांचे उत्तर शब्दशः उतरवून घेतले:

"लहरीपुऱ्यातून आत शिर. समोर मांडवी दिसेल, पण तिथपर्यंत जायचं नाही. डाव्या हाताला भांड्यांची दुकानं लागतात, त्यांच्यामधला तिसरा खांचा. आत वळलं की पाणपोई, दगडी कुंडीची. तिच्या पुढ्यात पिंपळ. सकाळी पिंपळाची सावली ज्या दारावर पडते ते आमचं दार."

शोधमोहिमेचे याहून चांगले संवाद मी कोणत्याही खेळात वाचलेले नाहीत. यात घर नंबर नाही, रस्त्याचे नाव नाही. आधी लांबून दिसणारी मोठी खूण, मग मोजायची खूण, मग डोळ्यांनी ओळखायची खूण आणि शेवटी विचार करायला लावणारी. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे सावली पश्चिमेला, म्हणजे दार झाडाच्या पश्चिमेला. भूगोलाच्या तासाला हेच विचारले तर निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही अकरा मुले, दोन पालक आणि मी लहरीपुरा दरवाजाशी जमलो. मोबाइल माझ्या पिशवीत. आजींचे बोलणे एका कागदावर. दुकाने उघडायची होती, त्यामुळे भांड्यांची कोणती आणि कापडाची कोणती ते पाट्या वाचून ठरवावे लागले. तिसरा खांचा म्हणून ज्यात शिरलो तो एका भिंतीशी संपला. परत फिरून मोजले तेव्हा लक्षात आले, की मधल्या एका खांच्याच्या तोंडाला कुणीतरी लोखंडी फाटक बसवले आहे आणि तो आम्ही मोजलाच नव्हता. फाटकापाशी एक काका दात घासत होते. त्यांना विचारले तर त्यांनी हाताने हवेतच उजवे-डावे केले आणि "सीधे जा ने" म्हणाले.

पाणपोई नव्हती. कुंडी होती. एका जिन्याखाली, माती भरून कुणीतरी तिच्यात तुळस लावली होती. ती आधी एका सहावीतल्या धाकट्या भावाला दिसली, जो खरे म्हणजे मोहिमेत नव्हताच, आईबरोबर आला होता.

पिंपळ नव्हता. चौकात एका बाजूला अर्धवर्तुळाकार ओटा होता, त्यावर तीन स्कूटर लावलेल्या. मुलांनी वर्तुळ पुरे केले तर मधोमध झाड बसत होते. ऊन चौकात उतरायला नऊ वाजले. तोवर सगळ्यांचा शेव-उसळीचा एकेक फेरा झाला. मग एक मुलगा ओट्यावर जाऊन जिथे खोड असणार तिथे उभा राहिला आणि त्याची सावली समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या शटरवर पडली. वर तीन मजली नवी इमारत.

दुपारी नातीने आजींना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "घर गेलं ते मला ठाऊक आहे, सह्या मीच केल्या. पिंपळसुद्धा?"

सोमवारी मुलांमध्ये वाद झाला. खेळात शहर कोणते दाखवायचे, आजींचे की आत्ताचे? आजींचे दाखवले तर पिंपळ काढता येईल, शोधणेही सोपे. आत्ताचे दाखवले तर आजींचे बोलणे चुकीचे ठरते. दोन दिवस भांडून मुलांनी जे ठरवले ते मला सुचले नसते. शहर आत्ताचे, बोलणे आजींचे, एक अक्षर न बदलता. खेळणाऱ्याला पाणपोई सांगितली जाईल आणि सापडेल तुळशीची कुंडी. त्यातली गाठ त्याने सोडवायची. किल्लीची मोहीम रद्द झाली. आता आजी म्हणते, "आमच्या दारापर्यंत जाऊन ये आणि काय दिसतं ते मला सांग."

आता रचनेच्या काही गोष्टी, ज्या आम्ही तिसऱ्या फेरीत पाळल्या.

पहिली दुरून दिसणाऱ्या खुणांची. २०१७ साली निन्टेन्डो कंपनीचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला, त्याच्या रचनाकारांनी आपली एक युक्ती उघड सांगितली आहे. त्यांनी भूभाग त्रिकोणांनी रचला. मोठा त्रिकोण म्हणजे डोंगर, तो कुठूनही दिसतो आणि दिशा देतो. मधला त्रिकोण वाटेत आडवा येतो, त्याच्यामागचे काही दिसत नाही, म्हणून वळसा घालावासा वाटतो आणि वळल्यावर काहीतरी नवे समोर येते. आपल्याकडे मोठा त्रिकोण म्हणजे पावागड. हवा स्वच्छ असली तर उंच गच्चीवरून अजून दिसतो. शहरात तेच काम १८९६ चा चिमणाबाई टॉवर करतो, न्यायमंदिर करते, मांडवी करते. मुलांनी या इमारती खेळात मुद्दाम दीडपट उंच केल्या. कीर्तिमंदिराच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, तेही दिसतील असे काढले. माझ्या ओळखीचे कित्येक वडोदरेकर त्या शिखराखालून रोज जातात आणि त्यांना हे माहीत नाही.

दुसरी त्याच्या उलट, जवळ जाईपर्यंत न दिसण्याची. इथे मला सहलीत पाहिलेला रायगड आठवला. महादरवाजाला गोमुखी बांधणी म्हणतात. दोन बुरुज असे पुढे घेतले आहेत की दरवाजा त्यांच्या आड राहतो. अगदी जवळ येऊन वळेपर्यंत तो कुठे आहे ते शत्रूला कळत नाही. किल्ला बांधणाऱ्याने ते शत्रूला अडवायला केले. आपण तेच पाहुण्याला खूश करायला करायचे. चौकाचे तोंड आम्ही जिन्याच्या आड ठेवले. आपली नवलखी वावही तशीच आहे. १४०५ सालची ही पायऱ्यांची विहीर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आहे. वाव ही वस्तूच अशी, की दुरून काही दिसत नाही आणि काठाशी गेल्यावर सगळे पायाखाली उघडते. पुढच्या भागासाठी ती राखून ठेवली आहे.

तिसरी गोष्ट खुणांच्या संख्येची. संगणकाआधी, म्हणजे १९७४ पासून, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा टेबलाभोवती बसून कागद-फाशांनी खेळायचा खेळ आहे, आणि आजचे सगळे आरपीजी त्याचे वंशज. तो खेळवणाऱ्यांत एक शहाणपण रूढ आहे: जे सापडायलाच हवे, त्याच्यासाठी निदान तीन खुणा ठेवा, कारण एक खूण खेळणाऱ्याला दिसत नाही, दुसरीचा तो भलताच अर्थ लावतो आणि तिसरीवर त्याचे काम होते. आजींच्या बोलण्यात तिसरा खांचा, कुंडी आणि सावली अशा तीन आयत्याच होत्या. आम्हीसुद्धा पहिली चुकलो होतो!

चौथी अडचण आम्हाला आधी सुचलीच नाही, ती एका पाचवीच्या मुलाने दाखवून दिली. तो कुणाशीच न बोलता सुटला आणि भटकत थेट कुंडीपाशी पोहोचला. खेळाला वाटत होते की याला अजून मोहीमच मिळालेली नाही, म्हणून कुंडी मुकी. परत येऊन तो आजीशी बोलला, आजी म्हणाली जा, हा पुन्हा गेला तरी कुंडी मुकीच, आणि मग सगळेच अडकले. शोधाच्या खेळात माणसे शेवट आधी आणि सुरुवात नंतर शोधतात, हे गृहीतच धरायला हवे. आता कुंडी केव्हाही पाहता येते. आधी पाहिली तर रोजनिशीत नुसती नोंद होते, 'जिन्याखाली दगडी कुंडी, तुळस.' नंतर आजी बोलली की ती नोंद वाचताना खेळणाऱ्याच्या डोक्यात आपोआप प्रकाश पडतो. तो पाडण्यासाठी एका ओळीचाही प्रोग्रॅम लिहावा लागला नाही.

बक्षिसाबद्दल मुलांचे आणि माझे एकमत व्हायला वेळ लागला. नाणी नकोत, असे माझे म्हणणे. "मग कोण जाईल, सर?" असे त्यांचे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये नऊशे छोटी वनभुते लपवलेली आहेत. सगळीच्या सगळी शोधणाऱ्याला शेवटी मिळते ते निरुपयोगी आणि विनोदी आहे. काय ते इथे लिहिण्यासारखे नाही, मुलांना विचारा. लोक तरीही शोधतात. २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'मध्ये तर नवे हत्यार नाही, शक्ती नाही, पैसे नाहीत. नवी जागा पाहून जे समजते त्यानेच पुढची जागा उघडते. आणि आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. तो काही भटकंतीचा नाही, वाट बरीचशी ठरलेली आहे. पण वाटेतल्या भिंतींवर चित्रे आहेत, आणि थांबून पाहिले तर देवादिकांच्या कथा ऐकायला मिळतात. हे पाहिल्यावर नववीच्या एकीला तांबेकर वाडा आठवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वडोदऱ्याचे दिवाण असलेल्या तांबेकरांच्या त्या वाड्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णकथा आहेत आणि इंग्रज-मराठ्यांच्या लढाईचे प्रसंगही आहेत. खेळात आता तो वाडा आहे. तिथे जायला कुणी सांगत नाही. जो जाईल त्याला चित्रे दिसतील, एवढेच.

शेवटचा भाग आजीला सांगण्याचा. परत आल्यावर खेळणाऱ्यापुढे तीन उत्तरे येतात: 'पिंपळ आहे', 'पिंपळ गेला', 'मी गेलोच नाही'. पहिले उत्तर खोटे आहे. ते असूच नये, असे माझे मत होते. मुलांनी मला हरवले. भूमिका घ्यायची तर खोटे बोलायची मोकळीक हवी, असा त्यांचा मुद्दा, आणि तो बरोबर आहे. पिंपळ आहे म्हटले की खेळातली आजी विचारते, "बरं झालं. पाणी घालतं का कुणी?" मग पुढचेही खोटे सांगावे लागते. गुण कशालाच नाहीत. सातवीच्या बारांपैकी या वेळी नऊ जण चौकापर्यंत पोहोचले, आणि त्यांतले सहा जण खोटे बोलले. का, असे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "त्यांना वाईट वाटलं असतं ना, सर."

खऱ्या आजींना खेळ दाखवायला आम्ही संगणक कारेलीबागेत घेऊन गेलो. नात बटणे दाबत होती, आजी "डावीकडे, डावीकडे गं" म्हणत होत्या. फाटकवाला खांचा त्यांनी बरोबर मोजला. कुंडीतली तुळस पाहून हसल्या. शेवटी तीन उत्तरे आली. नातीने विचारले, "आजी, कुठलं दाबू?" त्यांनी तिन्ही वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "यात नाहीये," त्या म्हणाल्या. "कुंडी आहे म्हणून सांग तिला."

हे चौथे उत्तर त्याच संध्याकाळी खेळात घातले.

खेळ सध्या संगणक कक्षातल्या दोन यंत्रांवर आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास पालकांना येऊन खेळता येईल. आजी-आजोबांना आणलेत तर खुर्च्यांची सोय करू. पाणीगेट आणि गेंडीगेट या बाजूंचा नकाशा अजून कोरा आहे. तुमच्या घरात त्या बाजूचे कुणी वडीलधारे असतील तर त्यांना फक्त घरी कसे यायचे ते विचारा आणि उत्तर जसेच्या तसे लिहून पाठवा. शुद्धलेखन सुधारू नका, आणि आता नसलेल्या गोष्टी त्यातून गाळू नका.